अनावर दाबाचा बंदोबस्त

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारणतः चतुर्थांश ते तृतीयांश भागाचे उपयुक्त कार्यात रूपांतर होते, काही भाग रेडिएटरच्या पाण्याबरोबर निघून जातो, आणि पुन्हा सुमारे तृतीयांश भाग तप्त वायूंच्या रूपाने सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडून वातावरणात विलीन होतो. ही राजरोस चाललेली उधळपट्टी पाहून ज्यांना स्वस्थ बसवले नाही, अशा अभियंत्यांत स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथील आल्फ्रेड ब्यूखी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९०५ साली त्यांनी ज्या कल्पनेचे पेटंट घेतले ती सांगावयास अगदी सोपी आहे: बाहेर पडणाऱ्या वायूंच्या मार्गात एक पातेदार चक्र, म्हणजे टर्बाइन, बसवावे; त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र, म्हणजे कॉम्प्रेसर, जोडावे; वायूंनी पहिले चक्र फिरवावे आणि दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी. या जोडीलाच टर्बो म्हणतात. हवा जितकी अधिक, तितके इंधन अधिक जाळता येते, आणि इंजिनाचा आकार न वाढवता त्याची शक्ती वाढते.

ही कल्पना प्रथम समुद्रावर आणि आकाशात रुजली. १९२३ साली जर्मन परिवहन खात्याने 'प्रॉयसेन' आणि 'हान्सेस्टाट डान्झिग' या दोन प्रवासी जहाजांसाठी ब्यूखी यांच्या टर्बोंची तजवीज केली, तेव्हा तेथील डिझेल इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. तत्पूर्वी १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेले होते. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर घसरले, आणि टर्बो जोडताच ३५६ वर चढले. एवढे झाल्यावर हवेचा दाब निर्माण करता येतो की नाही, हा प्रश्न निकालात निघाला. तो आवरता येतो की नाही, हा त्याहून अवघड प्रश्न मात्र तेथूनच सुरू झाला, आणि प्रस्तुत प्रकरणाचा विषय तोच आहे.

दाब आवरावा का लागतो

टर्बोचे एक वैशिष्ट्य असे की त्याची क्रिया स्वतःलाच उत्तेजन देणारी आहे. दाब वाढला की इंजिनात हवा अधिक जाते. हवेबरोबर इंधनही अधिक जाते. दोहोंच्या ज्वलनातून वायू अधिक निघतात. ते टर्बाइन अधिक वेगाने फिरवतात. आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. या चक्राला कोठेतरी अटकाव केला नाही, तर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा दांडा, त्याचे बेअरिंग आणि खुद्द इंजिन यांपैकी जे प्रथम हार मानील ते मोडेपर्यंत ते चालू राहील.

त्यातही पेट्रोलच्या इंजिनाला अधिक धास्ती असते ती उष्णतेची. हवा दाबली की तापते, हा निसर्गाचा नियम कोणालाही चुकवता आलेला नाही. २७ अंश सेल्सिअस तापमानाची हवा सत्तर टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरने वातावरणाहून ०.७ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या अधिक दाबाला नेली, तर ती सुमारे ९७ अंशांवर पोहोचते. तीच १ किलोग्रॅमच्या दाबाला नेली तर १२० अंशांच्या आसपास जाते. वाटेत इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा भाग, यातील काही उष्णता काढून घेतो हे खरे. तथापि तापलेले आणि दाट झालेले मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीपासून निघालेली ज्योत येऊन पोहोचण्यापूर्वीच एखाद्या कोपऱ्यात आपण होऊन भडकण्याचा संभव दाबाच्या प्रत्येक वाढीबरोबर वाढत जातो. यालाच गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात. हलके नॉकिंग कानाला खटकते. भारी नॉकिंग पिस्टनला भोक पाडते, रिंगा मोडते, आणि क्षणार्धात इंजिनाचा निकाल लावते. शिवाय दाबाबरोबर इंधनाची मागणी वाढते, आणि इंजेक्टरांची पुरवठ्याची क्षमता ठरलेली असते; ती संपली आणि हवा मात्र वाढतच राहिली, तर मिश्रणात इंधन उणे पडून उष्णतेचा कहर होतो.

दाराची रचना

या संकटावर जो इलाज रूढ झाला, त्याचे नाव वेस्टगेट. टर्बाइनकडे जाणाऱ्या वायूंच्या वाटेत, चक्राच्या अलीकडे, चक्राभोवतीच्या कवचाच्या, म्हणजे टर्बाइनच्या घराच्या, भिंतीला एक छिद्र ठेवलेले असते आणि त्याच्यावर एक झडप बसवलेली असते. झडप मिटलेली असेल तोवर सर्व वायूंना चक्रातूनच जावे लागते. ती उघडली की त्यांतील काही भाग चक्राला बगल देऊन थेट सायलेन्सरकडे जातो, आणि जो बगल देऊन गेला तो चक्र फिरवीत नाही. झडपेला तरफ, तरफेला दांडी, आणि दांडीला पत्र्याची एक डबी जोडलेली असते. हिला अ‍ॅक्ट्युएटर म्हणतात. डबीत एक रबरी पडदा आणि एक स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरमधून निघालेला दाब एका बारीक नळीने या पडद्यावर येतो. स्प्रिंगच्या ताकदीइतका दाब झाला की पडदा सरकतो, दांडी पुढे जाते आणि झडप उघडू लागते. दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ सारख्या विमानांत जमिनीलगत ही झडप सताड उघडी ठेवीत आणि विमान जसजसे उंच विरळ हवेत जाई तसतशी ती मिटत नेत. मोटारीत हेच काम स्प्रिंग आणि पडदा क्षणाक्षणाला करीत असतात.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा, कारण या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ तो न ओळखण्यात आहे. दाबाच्या नियंत्रणाची दोन अंगे आहेत: एक हुकमाचे आणि दुसरे अंमलाचे. कोणत्या दाबाला झडप उघडावी हे स्प्रिंग, नळी आणि अलीकडच्या काळात संगणक ठरवतो. हा झाला हुकूम. झडप उघडल्यावर किती वायू बाहेर जाऊ शकतो हे मात्र छिद्राचे क्षेत्रफळ, त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेचे वळण आणि झडपेचा उघडण्याचा कोन यांवर अवलंबून असते. हा झाला अंमल. धरणाचे दरवाजे कोणत्या पातळीला उचलावेत याचा आदेश कितीही काटेकोर दिलेला असला, तरी सांडव्याची रुंदी पुराच्या मानाने अपुरी असेल तर पाणी चढतच राहते; दरवाजे पूर्ण उचलून झाल्यावर आदेश देणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. वेस्टगेटचेही तसेच आहे. बाजारात मिळणारे बूस्ट कंट्रोलर नावाचे उपकरण अ‍ॅक्ट्युएटरकडे जाणारा दाब काही अंशी लपवून झडप उशिरा उघडावयास लावते, म्हणजे ते दाब वाढवू शकते; पण झडप पूर्ण उघडल्यावरही जो दाब उरतो त्याच्याखाली तो उतरवण्याची शक्ती त्याच्यात नाही, आणि कोणत्याही संगणकातही नाही.

मोटारींच्या पहिल्या पिढीतील धडे

१९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी टर्बो बसवलेल्या दोन मोटारी जवळजवळ एकाच वेळी बाजारात आणल्या, आणि दोघींनी या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे दिली. ओल्ड्समोबिल जेटफायरच्या टर्बोला वेस्टगेट होते; शिवाय नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय होती, आणि त्या मिश्रणाची टाकी वेळोवेळी भरण्याची दक्षता मालकाने घ्यावी अशी अपेक्षा होती, जी पुष्कळदा पुरी झाली नाही. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर मोंझा स्पायडरला मात्र वेस्टगेटच नव्हते. तिचा दाब आवरला जाई तो सायलेन्सरच्या मुद्दाम राखलेल्या अडथळ्याने: वायूंना बाहेर पडताना त्रास झाला की टर्बाइनच्या दोन बाजूंमधील दाबाचे अंतर कमी होते आणि चक्राचा जोर आपोआप मर्यादेत राहतो. या दुसऱ्या उत्तरातील तत्त्व वाचकाने ध्यानात ठेवावे. सायलेन्सरच्या नळकांड्याचा अडथळा हा केवळ उपद्रव नसून, तो दाबाच्या बंदोबस्तातील एक मूक भागीदार असतो.

पुढे पोर्शने १९७२ च्या सुमारास आपल्या ९१७ जातीच्या शर्यतीच्या गाड्यांत टर्बो वापरला आणि १९७५ पासून विक्रीच्या ९११ टर्बोत तो आणला; स्वीडनच्या साबने १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९९ टर्बो मांडली. साबच्या अभियंत्यांचा विचार मार्मिक होता. मोठा टर्बो उशिरा जागा होतो आणि मग एकाएकी जोर करतो. त्यापेक्षा लहान टर्बो घ्यावा, म्हणजे तो मंद गतीलाच दाब देऊ लागेल, आणि इंजिनाची गती वाढली की जो वायू त्या लहान चक्राला अतिरिक्त होईल तो वेस्टगेटने बाहेर काढावा. आजच्या बहुतेक टर्बो पेट्रोल मोटारी याच विचारावर उभ्या आहेत. परंतु त्याचा एक परिणाम असा की टर्बो जितका लहान, तितका बगल देऊन काढावयाचा वायू अधिक, आणि म्हणून वेस्टगेटच्या छिद्रावरील जबाबदारीही अधिक.

चढत जाणारा दाब

कारखान्यातून निघालेल्या गाडीत हे छिद्र सहसा पुरेसे असते, कारण अभियंत्याने ते त्या गाडीच्या मूळ सायलेन्सरच्या, निकासातील घातक वायू निवळणाऱ्या मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आणि मूळ हवा-गाळणीच्या हिशेबाने ठरवलेले असते. अडचण येते ती मालक यांपैकी काही बदलतो तेव्हा. याचे ठळक उदाहरण म्हणजे जपानच्या माझ्दा कंपनीने १९९१ च्या अखेरीस बाजारात आणलेली आणि २००२ पर्यंत तयार केलेली तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ ही गाडी.

हिचे इंजिन वांकेल पद्धतीचे, म्हणजे पिस्टनाऐवजी त्रिकोणी रोटर फिरवणारे. प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरचे दोन रोटर, आणि त्यांच्या जोडीला एकामागून एक कामाला लागणारे दोन टर्बो. पहिला टर्बो मिनिटाला सुमारे ४,५०० फेऱ्यांपर्यंत एकटा काम करी आणि नंतर दुसरा त्याला येऊन मिळे. मूळ बंदोबस्तात दाब सुमारे १० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे ०.७ किलोग्रॅम, राही, आणि दुसरा टर्बो जोडला जाताना तो क्षणभर ८ पौंडांवर उतरून पुन्हा १० वर येई. वांकेल इंजिनाच्या निकासाला झडप नसते. रोटरची कड छिद्रावरून सरकताच अतितप्त वायू एकदम बाहेर उसळतात, आणि म्हणून टर्बाइनला मिळणारी ऊर्जा त्याच शक्तीच्या पिस्टन इंजिनाहून अधिक असते. साहजिकच वेस्टगेटवरचा भारही अधिक.

शक्तीच्या हौशी मालकांनी काय केले, तर टर्बोलगतचा पहिला कन्व्हर्टर काढून तेथे सरळ नळी बसवली. कित्येकांनी पुढचा मुख्य कन्व्हर्टरही काढला. हवेची वाट मोकळी केली. वायूंचा अडथळा गेला, टर्बाइनच्या दोन बाजूंमधील दाबाचे अंतर वाढले, इंजिनातून वाहणारी हवाही वाढली, आणि कॉर्व्हेरच्या सायलेन्सरप्रमाणे आजवर मूकपणे दाब आवरणारा भागीदार बडतर्फ झाला. आता झडप ठरलेल्या दाबाला उघडे, पूर्ण उघडे, आणि तरीही तिच्या छिद्रातून पुरेसा वायू जाऊ शकत नसल्याने, इंजिनाची गती वाढेल तसतसा दाब १० पौंडांवरून सावकाश १२, १४, १५ पौंडांवर चढत जाई. थंडीच्या रात्री हवा दाट असते, म्हणून दाब आणखी चढे. असा दाब चढला की मूळ संगणक एका मर्यादेवर इंधनच तोडतो आणि गाडी झटका देऊन मंदावते. तो झटका म्हणजे इंजिनाचे कवच असते. तो चुकवण्यासाठी संगणकाला खोटा दाब दाखवणारी उपकरणेही निघाली, आणि ज्यांनी ती लावली त्यांनी कवच काढून शत्रूसमोर छाती पुढे केली असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. वांकेल इंजिनात नॉकिंगचा पहिला बळी म्हणजे रोटरच्या टोकाची ओतीव लोखंडाची पट्टी, अपेक्स सील. ती मोडली की दाबाची कोठडी फुटते, आणि तिचा तुकडा बाहेर पडताना टर्बाइनची पातीही तासून जातो.

निदान

उपचारापूर्वी निदान. दाब ठरल्याहून अधिक होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि छिद्र लहान असणे हे त्यांपैकी एकच. अ‍ॅक्ट्युएटरची नळी फाटली किंवा सुटली, पडदा फाटला, झडपेची पिन काजळीने जाम झाली, तर झडप उघडतच नाही आणि दाब आरंभापासूनच बेसुमार जातो. दाब क्षणभर उसळून पुन्हा ठरल्या जागी येत असेल तर ती दिरंगाई हुकमाची, म्हणजे कंट्रोलरची किंवा लांब नळीची. आणि दाब मध्यम गतीला ठरल्या जागी स्थिर असून पुढे गतीबरोबर सावकाश, अखंड चढत असेल, तरच दोष अंमलाचा, म्हणजे छिद्राच्या अपुरेपणाचा समजावा.

याची कसोटी अशी. बूस्ट कंट्रोलर काढून अ‍ॅक्ट्युएटरची नळी थेट कॉम्प्रेसरला जोडावी. हातपंपाने डबीत दाब देऊन पडदा दाब धरतो की नाही, दांडी पुरती सरकते की नाही, आणि झडप हाताने पूर्ण कोनापर्यंत मोकळी फिरते की नाही हे पाहावे. सायलेन्सरची पुढची नळी सोडून, उघडी झडप नळीच्या भिंतीला किंवा गॅस्केटच्या कडेला अडत तर नाही ना, हेही तपासावे. कारण छिद्र मोठे असूनही झडपेला उघडण्यास जागा नसल्याने दाब चढत राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हे सर्व ठीक असेल तर गाडी डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या रोलरांच्या यंत्रावर, चढवून, वरच्या गिअरात, पूर्ण थ्रॉटलवर, दाब आणि इंजिनाची गती यांची एकत्र नोंद घ्यावी. त्या नोंदीतील रेषा उजवीकडे चढत गेली तर मग छिद्राला हात घालावा, त्यापूर्वी नव्हे.

छिद्र रुंद करण्याचे शास्त्र

वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि या साध्या सत्यातच या उपायाचे बळ आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस मिलिमीटर असते. तेच ३० मिलिमीटर केले तर ७०७ होते. व्यासात पाचांची भर, क्षेत्रफळात मात्र चव्वेचाळीस टक्क्यांची. पण छिद्र हे वाटेतील एकच नाके आहे. झडप छिद्रापासून किती उचलली जाते, यावर तिच्या कडेभोवतीच्या फटीचे क्षेत्रफळ ठरते. सरळ उचलल्या जाणाऱ्या झडपेने व्यासाच्या एक चतुर्थांश अंतर सोडले, तरच ती फट छिद्राइतकी मोठी होते. ३० मिलिमीटरच्या छिद्राला म्हणजे साडेसात मिलिमीटर. बिजागरीवर फिरणारी झडप एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी उघडते, म्हणून तिला याहून अधिक कोन हवा. हा कोन न वाढवता नुसते भोक वाढवण्यात अर्थ नाही.

तिसरी, आणि पुष्कळदा सर्वांत महत्त्वाची, गोष्ट म्हणजे वळण. वेगाने वाहणारा वायू सरळ जाऊ पाहतो. टर्बोच्या घरात तो चक्राच्या दिशेने धावत असतो, आणि वेस्टगेटचे छिद्र बहुधा त्या धावेला काटकोनात, बाजूच्या भिंतीत असते; वायूला तेथे एकदम वळावे लागते, आणि धारदार कडेवरून वळताना प्रवाह आकुंचन पावून छिद्राचा काही भाग निरुपयोगी राहतो. म्हणून जाणते कारागीर छिद्र सर्व बाजूंनी सारखे वाढवण्यापेक्षा, वायू ज्या बाजूने येतो त्या बाजूची आतील कड घासून तेथे लांबट उतार करतात. वायू उतारावरून छिद्राकडे वळतो. व्यास तेवढाच ठेवून केवळ या उताराने दाब आटोक्यात आल्याचे अनुभव आहेत.

प्रत्यक्ष काम

प्रथम टर्बो गाडीवरून उतरवून टर्बाइनचे घर मधल्या भागापासून वेगळे करावे. चक्र जागेवर ठेवून घासकाम करणे हा गुन्हाच समजावा. लोखंडाचा एक कण बेअरिंगपर्यंत गेला तरी पुरे. जुन्या घराचे बोल्ट उष्णतेने जाम झालेले असतात. त्यांना तेल आणि उष्णता देऊन सबुरीने सोडवावे, नाहीतर बोल्टाचे डोके पान्यात आणि देह बीडात राहतो. मग झडपेच्या बैठकीला निळा रंग लावून झडप मिटावी. रंगाचे जे कडे झडपेवर उमटते ती बैठकीची खरी रेषा. नवे छिद्र या कड्याच्या आत, भोवताली निदान दोन-तीन मिलिमीटर सपाट बैठक शिल्लक राहील अशा बेताने, आखून घ्यावे.

घासण्यासाठी डाय ग्राइंडर आणि कार्बाइडचा दातेरी बर वापरतात. घर ओतीव लोखंडाचे असल्याने ते सावकाश पण नेमके कापले जाते. आतील बाजूचा उतार गोलसर ठेवावा, पण बैठकीची कड मात्र सपाट आणि तीक्ष्णच राहिली पाहिजे. तेथे गोलाई आली की झडप मिटूनही वायू निसटतो. आतल्या भागाला आरशासारखी झिलई देण्याची गरज नाही. जुन्या घरात छिद्र आणि चक्राच्या खोलीमधल्या भिंतीला उष्णतेने बारीक भेगा पडलेल्या असतात; त्या बाजूची भिंत पातळ करणे म्हणजे भेगेला वाट करून देणे होय, तेव्हा तेथून हात आवरता घ्यावा. काम झाल्यावर घर रॉकेलने धुऊन, कॉम्प्रेस्ड हवेने झाडून, झडप मिटून आतून रॉकेल ओतावे. थेंब झरला तर बैठक बिघडली. मगच नवे गॅस्केट घालून जोडणी करावी, आणि डायनोवर तीच कसोटी पुन्हा घेऊन दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. एका खेपेला थोडेच घासावे, कारण काढलेले लोखंड परत येत नाही.

अतिरेकाचा दोष

छिद्र जितके मोठे तितके चांगले, असा समज करून घेऊ नये. झडपेवर आतून वायूचा दाब असतोच. तो बाहेरच्याहून १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरने अधिक आहे असे धरले, तर २५ मिलिमीटरच्या छिद्रावर तो झडपेला ४.९ किलोग्रॅम भाराने बाहेर ढकलतो आणि ३० मिलिमीटरच्या छिद्रावर ७.१ किलोग्रॅमने. स्प्रिंग मात्र तीच असते. परिणामी झडप हुकमापूर्वीच किलकिली होते, टर्बो उशिरा जागा होतो, आणि वरच्या गतीला दाब चढण्याऐवजी उतरू लागतो. एका दोषाच्या जागी दुसरा आला, एवढेच. कोणी मोठी झडप बसवतात आणि जोडीला कडक स्प्रिंगची डबी घेतात. पण कडक स्प्रिंग म्हणजे दाबाची किमान मर्यादा वर नेणे, हा हिशेब आधी करून ठेवावा लागतो.

छिद्र रुंद न करताही दोन मार्ग राहतात. पहिला म्हणजे काढलेला अडथळा काही अंशी परत करणे: आरएक्स-७ च्या कित्येक मालकांनी सरळ नळीत एक अरुंद कडे बसवून दाब आटोक्यात आणला, आणि ज्यांनी मुख्य कन्व्हर्टर मुळातच काढला नाही त्यांना हा त्रास पुष्कळ कमी झाला. दुसरा म्हणजे घरातील छिद्र कायमचे बुजवून, इंजिनाच्या निकास-नळ्या एकत्र आणणाऱ्या मॅनिफोल्डच्या संगमावर वायूच्या धावेच्या दिशेतच ३८ किंवा ४४ मिलिमीटरची स्वतंत्र वेस्टगेट बसवणे. शर्यतीच्या गाड्यांत हाच रिवाज आहे. पण त्यासाठी नवा मॅनिफोल्ड, वेल्डिंग, स्वतंत्र नळी आणि जागा लागते, आणि खर्चही त्या मानाने होतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रातील रस्त्यांवर टर्बो प्रथम सर्वपरिचित झाला तो डिझेलमुळे, आणि पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे पूर्वी तयार होत असलेले फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन या विषयाचा चांगला पाठ देते. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत वेस्टगेटचा साधा टर्बो असे. ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत वायूंचा कोन बदलणाऱ्या हलत्या पात्यांचा टर्बो असे, ज्याला वायू बगलेने काढण्याची गरजच पडत नाही. डिझेलमध्ये पेट्रोलसारखे नॉकिंग नसते. तेथे अधिक दाबाचा धोका सिलिंडरातील ताणाला आणि टर्बोच्या अतिवेगाला असतो. नव्या पेट्रोल गाड्यांत मात्र लहान टर्बो आणि वेस्टगेट हीच जोडी पुन्हा आली आहे. पडद्याच्या डबीऐवजी पुष्कळ ठिकाणी विजेची मोटर झडप हलवते, आणि त्यामुळे हुकूम फार नेमका झाला आहे. अशा गाडीचा कन्व्हर्टर काढून सरळ नळी बसवून देणारी दुकाने शहरोशहरी निघाली आहेत. ग्राहकाने दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई केलेली आहे, आणि प्रदूषणाचे नियम त्याहून वेगळे लागू आहेत. दुसरी म्हणजे त्या दुकानात संगणकाचा नकाशा बदलून मिळेल, पण वेस्टगेटच्या छिद्राचा व्यास कोणी मोजून पाहिलेला नसेल.

आणि मोजावयाचे ते आधीच. नळी रुंद करण्यापूर्वी मूळ स्थितीतील दाबाची रेषा काढून ठेवावी. वरच्या टोकाला ती आताच किंचित चढत असेल तर छिद्राची क्षमता संपत आली आहे, आणि नळीतील प्रत्येक मोकळीक त्या चढात भर घालणार आहे. रेषा सपाट असेल तर काही वाव आहे. ज्याच्या हाती ही नोंद आहे, त्याला छिद्र वाढवावे, कन्व्हर्टर ठेवावा की स्वतंत्र वेस्टगेट घ्यावी याचा निर्णय हिशेबाने करता येतो. ज्याच्या हाती ती नाही, त्याचा निर्णय इंजिन करते, आणि इंजिनाच्या निर्णयावर अपील नसते.